शुक्रवारचं श्मार्न

श्मार्नसाठी, म्हणजे तव्यात फुगवून मोडायच्या गोड धिरड्यासाठी, अंड्यांचा पांढरा बलक फेटायला उर्सुलाने भांडं हातात घेतलं, तशी थेक्ला समोरच्या स्टुलावर येऊन बसली आणि आईच्या हातांवर नजर ठेवून राहिली. विमानतळावरचा कस्टमवाला बॅगेकडे बघतो ना, तशी. सोळा वर्षांची पोर. अंगात बापाचा लोकरी स्वेटर, त्यावर घोंगडी, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी ती स्वतः.

“लोणी किती घालणार?”

“लागेल तेवढं.”

“लागेल तेवढं म्हणजे किती?”

“थेक्ला, श्मार्न करतेय मी. वाफवलेली भाजी नाही. लोणी नसेल तर तव्याला चिकटून बसेल.”

“बसू दे. दाखव आधी.”

उर्सुलाने तुकडा कापून दाखवला. थेक्लाने नकारार्थी मान हलवली. उर्सुलाने त्यातला अर्धा बाजूला सारला. थेक्ला काही बोलली नाही, म्हणजे मंजूर. बाजारात भाजीवालीशीसुद्धा कुणी इतकी घासाघीस करत नाही, आणि इथे तर दोघींपैकी कुणाच्याच पदरात काही पडणार नव्हतं.

सोमवारी लिंत्सला परत जाऊन थेक्लाला इस्पितळात दाखवायचं होतं. डॉक्टरीणबाई भली होती, तिने काही आडपडदा ठेवला नव्हता. या आठवड्यात मुलगी आपल्या हाताने, आपल्या मनाने थोडंफार खायला लागली तर घरीच ठेवू, म्हणाली. नाहीतर भरती करायची आणि नाकातून नळी घालायची. त्याला इलाज नाही, कारण हृदय आता कुरकुरायला लागलंय. हे सगळं तिने थेक्लाच्या समोरच सांगितलं होतं. थेक्ला तेव्हा खिडकीबाहेर बघत होती, जणू शेजारच्या कुणाबद्दल बोलणं चाललंय.

उर्सुला शिवणकाम करायची. सणासमारंभाचे घागरे, त्यांच्या घट्ट कंबरा, चोळ्यांना बारीक चुण्या, हे तिचं रोजचं काम. मुलीचा एकच निळा घागरा तिने वर्षभरात इतक्यांदा आत घेतला होता की शिवणीच्या आत कापड जास्त आणि बाहेर कमी झालं होतं. शेवटच्या वेळी टाके घालताना सुई बोटात गेली. त्यानंतर तिने तो घागरा कपाटाच्या तळाशी दडवून ठेवला. आईला लेकीचं अंग मापपट्टीने कळावं, यासारखं दुसरं वाईट काय असणार?

सुट्टीचं घर भाड्याने घ्यायची कल्पना आर्नोची, म्हणजे नवऱ्याची. आर्नो शाळेत गाणं शिकवायचा आणि संकट आलं की विनोद करायचा. “हवापालट झाला की भूक आपोआप लागते,” तो म्हणाला. थेक्ला लहान असताना दर उन्हाळ्यात ते तिरोलमध्ये याच वाडीत, बुर्गीच्या शेतघराच्या वरच्या मजल्यावर यायचे. तेव्हा ही पोर गोठ्यातच धारोष्ण दूध प्यायची आणि दुधाच्या मिशा घेऊन गावभर हिंडायची. आर्नोला वाटलं, ती पोर इथेच कुठेतरी राहिली असेल, आपण जाऊन तिला घेऊन येऊ. आता गुरं वरच्या कुरणांवरून खाली आली होती, कड्यावर पहिलं बर्फ पडलं होतं, आणि दुसरे पाहुणे केव्हाच आपापल्या घरी गेले होते.

भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर म्हणजे काय असतं, ते त्यात राबणाऱ्यालाच ठाऊक. सुरी अशी की टोमॅटोची आधी माफी मागावी. वाइनचे पेले भरपूर, पण चाळणीचा पत्ता नाही. मागच्या पाहुण्यांनी ठेवलेलं अर्धं मीठ, अर्धी शेवई, आणि कशाचा ते कुणालाच न कळणारा मसाला. भिंतीवर बुर्गीच्या सूचना चिकटवलेल्या: बूट बाहेर काढा, भट्टीत प्लास्टिक जाळू नका, कचरा वेगवेगळा करा. लेकीला जेवू कसं घालावं, तेवढी एक सूचना लावायची राहून गेली होती.

आणि त्या कचऱ्यानेच घात केला होता. मंगळवारी उर्सुलाने भोपळ्याच्या सूपमध्ये गुपचूप साय घातली. थेक्लाने विचारलं, “यात काय आहे?” उर्सुला म्हणाली, “भोपळा, पाणी, मीठ.” थेक्लाने विश्वास ठेवला आणि वाटीभर प्यायली. वाटीभर! आर्नोने टेबलाखाली बायकोचा हात दाबला. पण उर्सुला शिस्तीची बाई. सायीचा प्लास्टिकचा डबा तिने धुतला, पुसला आणि सूचनेप्रमाणे प्लास्टिकच्या कचरापेटीत टाकला. त्या पेटीत दुसरं काहीच नव्हतं. चकचकीत सायीचा डबा आत एकटाच बसला होता, झाकणासकट. चोराने चोरी करून पायपुसण्यावर नाव लिहून जावं तसं झालं. थेक्ला दुपारी सफरचंदाची पिशवी टाकायला गेली आणि परत आली ती पांढरीफटक होऊन. ओरडली नाही, रडली नाही. “तू खोटं बोललीस,” एवढंच म्हणाली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून थेक्ला सफरचंद सोडून कशालाच हात लावेना, आणि आई चुलीशी गेली की ही पहाऱ्याला हजर.

अशात आज सकाळी तीच म्हणाली, “आज शुक्रवार. श्मार्न कर.”

शुक्रवारी मटण-मांस नाही, आधी सूप आणि मग गोडाचं, हे उर्सुलाच्या माहेरापासून चालत आलेलं. पण थेक्लाच्या तोंडून पदार्थाचं नाव ऐकून आर्नोच्या हातातली कॉफी सांडली. “तिने मागितलं,” तो बाथरूममध्ये दार लावून बायकोला कुजबुजला, “उर्सुला, तिने स्वतः मागितलं गं!” उर्सुलाला डॉक्टरीणबाईने आधीच बजावलं होतं, की अशी मुलं दुसऱ्यांना करून घालायला, खाताना बघायला फार उत्सुक असतात, त्यावर भाळू नका. उर्सुलाला हे पाठ होतं. तरी ती जिना उतरून अंडी आणायला धावलीच. आशा फार निर्लज्ज असते, कितीदा हाकललं तरी दाराशी येऊन बसते.

बुर्गीने अंडी दिली, लांब दांड्याचा बिडाचा तवा दिला, आणि तव्यामागोमाग स्वतःही वर आली.

“हा तवा मी कुणाला देत नाही,” बुर्गी धापा टाकत म्हणाली. “माझ्या सासूचा आहे. साबण लावलास तर बघ, हात तोडून ठेवीन.” आल्यापासून थेक्ला तिच्या समोर आली नव्हती. आता तिने स्टुलाकडे पाहिलं. “आणि ही कोण बाई? ती गुबगुबीत कुठंय, माझ्या कोंबड्यांचं दाणं खाणारी?”

“मीच ती,” थेक्ला म्हणाली.

बुर्गीने तवा उचलून उगाच बाहीने पुसला.

उर्सुला फेटत राहिली. यंत्र नव्हतं, व्हिस्कच्या तारा वाकलेल्या, मनगट दुखून आलं. फेस असा व्हायला हवा की भांडं उलटं केलं तरी खाली पडू नये. झाला एकदाचा. आर्नोला जुनी गंमत आठवली. त्याने भांडं घेतलं आणि थेक्लाच्या डोक्यावर उपडं धरलं. “पडला, पडला, पडला!”

“बाबा, मी पाच वर्षांची नाहीये.”

“ते दिसतंच आहे. पाच वर्षांची होतीस तेव्हा उचलायला जास्त जड होतीस.”

बोलून गेला आणि त्याचा चेहराच उतरला. बिचारा आयुष्यभर विनोदावर तरून गेला, आज त्याच विनोदाने त्याला बुडवलं. त्याने भांडं अलगद ओट्यावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उगाच काचेवरची वाफ पुसत बसला.

पिवळा बलक, दूध, पीठ आधीच कालवून ठेवलं होतं. त्यात उर्सुलाने फेस हलक्या हाताने मिसळला. तवा तापला, अर्धं झालेलं लोणी चुरचुरलं, पीठ ओतलं, वरून मनुका पेरल्या. झाकण नव्हतंच, म्हणून वर ताट ठेवलं. थोड्याच वेळात ते ताट हळूच वर उचललं जाऊ लागलं, इतकं खाली फुगलं होतं. खाली गोडसर, भाजका वास सुटला. उर्सुलाने चार भाग केले, उलटले, दुसरी बाजू होऊ दिली. मग दोन उलथनी घेऊन तव्यातच त्याचे लहान-मोठे, वेडेवाकडे तुकडे केले आणि वर साखर भुरभुरून परतली. साखर वितळली, तुकड्यांना चिकटली, तळाला धरली.

थेक्लाने आवंढा गिळला. उर्सुलाला ते दिसलं, तिला हल्ली तेवढंच दिसायचं. पोरीला भूक लागत नव्हती असं कुठे होतं? भूक होतीच, आणि त्या भुकेचीच तिला भीती वाटत होती. भुकेला घाबरलेल्या माणसाला कसं समजवायचं?

ताटं काढायला उर्सुला वळली, तर बुर्गीने तवा उचलून थेट टेबलाच्या मधोमध लाकडी पाटावर ठेवलासुद्धा.

“ताटं कशाला? ताटात श्मार्न हॉटेलातले खातात. चमचे घ्या आणि बसा. आपापल्या समोरचं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला चमचा घालायचा नाही, संपलं.”

बसले सगळे. बुर्गी दोन माणसांचं जेवली. आर्नो प्लमच्या मुरंब्यात बुडवून बुडवून खात होता आणि दर घासाला “वा” म्हणत होता, इतक्यांदा की ते “वा” आता विव्हळल्यासारखं ऐकू यायला लागलं. उर्सुला चावत होती. या आठवड्यात तिने एक घास म्हणून चवीने खाल्ला नव्हता. जेवण म्हणजे लेकीसमोर करून दाखवायचा प्रयोग झाला होता, बघ, असं तोंड उघडायचं, असं चावायचं, काही होत नाही.

थेक्लाने आपल्या बाजूची एक मनुका चमच्याने उकरून काढली. ती इकडून तिकडे नेली. तव्याच्या काठावर ठेवली. पाणी प्यायली. पुन्हा तीच मनुका खाली घेतली. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं, आणि त्या न बघण्याने खोली इतकी भरून गेली होती की श्वास घेणं जड जावं.

“एक घास,” उर्सुला म्हणाली. बोलायचं नाही असं ठरवलं होतं तिने.

“आई.”

“एकच. माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठी मी का खाऊ? तुझ्यासाठी तू खा.”

“अगं पोरी,” बुर्गीला राहवेना, “माझी आई सांगायची, लढाईनंतर इथे रानातल्या खाजऱ्या पाल्याची भाजी करून खायचे लोक, आणि तू…”

“बुर्गी, राहू दे,” आर्नो म्हणाला.

उर्सुलाने आपल्या बाजूचा एक तुकडा चमच्यात घेतला, टेबलावरून वाकली आणि चमचा लेकीच्या ओठांना लावला. लहान बाळाला लावतात तसा. थेक्लाने ओठ घट्ट मिटले. उर्सुलाने चमचा दाबला. साखर पोरीच्या हनुवटीवर सांडली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या आणि दोघींचेही डोळे भरलेले होते, पण एकीनेही माघार घेतली नाही.

“सोमवारी घालू दे त्यांना नळी,” थेक्ला चमच्याच्या बाजूने तोंड काढून म्हणाली. “नळी निदान माझ्याकडे अशी बघणार तरी नाही.”

“मर मग!” उर्सुला ओरडली. चमचा भिंतीवर जाऊन आपटला. “मर! एकदाची मर आणि सोडव आम्हाला!”

ते शब्द बाहेर पडले आणि मग परत आत घेता येईनात. बुर्गीने छातीवर क्रूस काढला, उठली, आणि जाताना दार इतकं हळू लावलं की ते आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. आर्नोने बायकोकडे पाहिलं. रागाने नाही, तेही सोसवलं असतं. ओळख नसल्यासारखं पाहिलं. मग त्याने जाकीट घेतलं आणि तो खाली गेला. थोड्या वेळाने अंगणातून लाकडं फोडल्याचा आवाज यायला लागला. त्याने जन्मात कधी कुऱ्हाड धरली नव्हती, त्यामुळे दोन घाव हुकायचे तेव्हा एक बसायचा.

थेक्ला उठून भट्टीपाशी गेली. खोली तापवायच्या, चिनी मातीच्या फरशांच्या त्या मोठ्या भट्टीला लागून बाक होता, त्यावर ती घोंगडी ओढून भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रागावलेली पोर आपल्या खोलीत जाऊन दार आपटते. पण हिला बारा महिने थंडी वाजायची आणि त्या घरात ऊब असलेली तेवढी एकच जागा होती. रुसायलासुद्धा तिला आईच्याच खोलीत रुसावं लागत होतं.

उर्सुला टेबलाशी बसून राहिली. जी बाई लेकीच्या बारशाला आनंदाने रडली होती, तीच आज तिला मर म्हणाली. माफी मागायची म्हटलं तर शब्द कुठून आणायचे? तिने हनुवटी टेकवली आणि मनाशी मान्य केलं, की संपलं, आपल्याच्याने होत नाही. सोमवारी त्यांच्या स्वाधीन करायची. जे आईला जमलं नाही ते नळीला जमेल. हरल्यावर हलकं वाटतं म्हणतात लोक. तिला हलकंबिलकं काही वाटलं नाही, नुसतं रिकामं वाटलं. आणि त्या रिकामपणात, लाज वाटावी अशी, तिला कडकडून भूक लागली.

उरलेले तुकडे तिने वाडग्यात काढून झाकून ठेवले. त्यांच्याकडे तिला बघवतही नव्हतं. तवा सिंकपाशी नेला, आणि पाणी सोडणार तेवढ्यात तळ दिसला. लोणी कमी पडलं होतं ना, त्यामुळे सगळा तळ धरला होता. तांबूस, कडक, साखरेने चकचकणारी खरवड, कडेला काळपट.

तिने काही विचार केला नाही. खणातला लोखंडी चमचा घेतला आणि पाठमोरी उभी राहून खरवडायला लागली. खर्र, खर्र. पहिला पापुद्रा सुटला, तो तिने बोटाने उचलून तोंडात टाकला. कुरकुरीत, गोड, किंचित कडू. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला कशाची तरी चव लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती, अधाशासारखी, कुणाला दाखवायला नाही, कुणाला शिकवायला नाही. खर्र, खर्र. गालावरचं पाणी तोंडात जात होतं, तेही तिने खाल्लं.

“सगळी संपवू नकोस.”

उर्सुलाचा हात जागच्या जागी थांबला. आवाज मागून, भट्टीकडून आला होता. बारीक, चिडका.

त्यांच्या घरात बाकी सगळं वाटून मिळायचं, खरवड मात्र कधीच नाही. मुसाची, म्हणजे दुधातल्या लापशीची असो, श्मार्नची असो, ज्याचा चमचा आधी पोहोचेल त्याची. मागायची नाही, द्यायची नाही, हिसकायची. उर्सुलाच्या माहेरी सात भावंडांत हाच कायदा होता आणि तिने तो सासरी आणला होता. थेक्लाने एकदा खरवडीसाठी आर्नोचा हात चावला होता, तेव्हा उर्सुलाने आर्नोलाच सुनावलं होतं, की हात मध्ये घातलास कशाला. गेल्या दोन वर्षांत मात्र भांड्याच्या तळाशी कुणी चमचा नेला नव्हता. भांडी नुसती भिजत पडायची.

आता काय करायचं? मनातली आई म्हणत होती, दे, सगळा तवा तिच्या पुढ्यात ठेव, पाया पड, भरव. पण त्या आईने मंगळवारी साय घातली होती आणि मघाशी चमचा ओठांवर दाबला होता. तिने दिलं की त्याचं औषध होणार, घास होणार, मग पुन्हा तो मनुकेसारखा काठावर जाऊन बसणार. वळून बघितलं तरी संपलं.

“मग येऊन घे की,” उर्सुला न वळताच म्हणाली. “हात मोडलेत का तुझे?”

अंगणात आर्नोचा घाव हुकला. उर्सुलाने खरवडायला पुन्हा सुरुवात केली, आणि मुद्दाम नाही, खरोखर मोठा पापुद्रा काढला आणि खाल्ला. कुरकुर आवाज झाला. लोकरीच्या पायमोज्यांची पावलं जवळ आली. खण उघडल्याचा आवाज आला.

दुसरा चमचा तव्यात उतरला.

तिचं मनगट उर्सुलाच्या मनगटाशेजारी आलं. ते मनगट बघून किंचाळावंसं वाटलं, पण तिने नजर तव्याच्या तळाशी गाडून ठेवली. थेक्ला कडेची काळपट बाजू खरवडू लागली, कारण तिला लहानपणापासून तीच आवडायची. जोर कमी होता, चमचा घसरत होता. एक तुकडा सुटत आला, अर्धा वर उचलला गेला.

आता आईने काय करावं? जी या पोरीच्या तोंडात एक घास जावा म्हणून देवाला काय काय नवस बोलली होती, ती उर्सुला पुढे झाली, लेकीच्या चमच्याखाली आपला चमचा घातला आणि तो सुटलेला तुकडा उडवून स्वतःच्या तोंडात टाकला. त्या क्षणी तिला वाटलं, आपण स्वतःच्या पोटच्या गोळ्याच्या तोंडचा घास काढला. तरी तिने तो चावला, आवाज करत चावला.

“चोर!” थेक्ला ओरडली. “तो माझा होता!”

“तुझं नाव लिहिलं होतं त्याच्यावर?”

“मी काढला होता तो! मी सोडवला होता!”

“सोडवून काय उपयोग? हळूबाईचा तुकडा हवेत.”

थेक्लाने आईला कोपर मारलं. काय ते कोपर, हाड नुसतं, बरगडीत खिळ्यासारखं घुसलं. उर्सुला कळवळली आणि तिने तिला परत ढकललं. थेक्लाने तव्याचा दांडा धरून तवा आपल्याकडे ओढला, पाठ आडवी घातली आणि खरवडलं. खर्र. आणि मग उर्सुलाला तो दुसरा आवाज ऐकू आला, बारीक, कुरकुर असा. तिचं तोंड रिकामं होतं. तो तिचा आवाज नव्हता.

ती वळली नाही. सिंकवरच्या सूचनेकडे बघत राहिली. काच, कागद, धातू, प्लास्टिक. अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती.

“आता बाजूला हो,” ती म्हणाली आणि लेकीच्या काखेखालून चमचा घातला.

तेवढ्यात दार उघडलं. आर्नो. तळहातात कुसळ गेलं होतं म्हणून वर आला होता. त्याने पाहिलं ते असं: सिंकपाशी बायको त्या काडीसारख्या पोरीला खांद्याने दाबतेय आणि तिच्या चमच्यातलं खाणं काढून घेतेय.

“उर्सुला!” तो ओरडला. “काय चालवलंयस? खाऊ दे ना तिला! ती खातेय, दिसत नाही का तुला?”

थेक्लाचा चमचा हवेत थांबला.

उर्सुलाला कळलं, संपलं. त्याने त्या गोष्टीचं नावच घेतलं. खाणं म्हटलं. पोरीची मान खाली गेली, ती चमच्यातल्या तुकड्याकडे असं बघायला लागली, जणू तो आत्ताच कुणीतरी तिथे आणून ठेवला होता. आता ती तो काठावर ठेवणार. उर्सुलाने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने होता नव्हता तेवढा सगळा खट्याळपणा गोळा केला, आणि तो गोळा करताना तिच्या आत काहीतरी फाटत होतं.

“तुला मिळायची नाही,” ती आर्नोला म्हणाली. “उशिरा आलास. दोघींनाच पुरत नाहीये, आणि हे आले तिसरे.”

आर्नो दारात उभा. त्याला साध्या गोष्टी कळायला नेहमी वेळ लागायचा, लग्नाची मागणीसुद्धा शेवटी उर्सुलानेच घातली होती. त्याने तवा पाहिला, दोन चमचे पाहिले, बायकोच्या मानेवर आलेली शीर पाहिली. मग त्याने बूट न काढता, ओली पावलं उठवत खणाशी जाऊन चमचा काढला. चमचा कसला, मोठा डावच काढला त्याने, सूप वाढायचा.

“सरका,” तो म्हणाला. “मधली माझी.”

“डाव चालणार नाही!” थेक्ला किंचाळली. “आई, बघ ना, डाव घेतलाय त्याने!”

“मग खा लवकर, नाहीतर संपेल,” असं उर्सुलाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. “मारामारी तुमची तुम्ही करा,” ती म्हणाली आणि आपला चमचा पुन्हा तव्यात घातला.

तिघंही खरवडायला लागले. आर्नोच्या डावाने सगळी मधली बाजू एका झटक्यात निघाली आणि त्याने ती तोंडात कोंबली. लेकीच्या तोंडचं आपण खातोय, हे ओझं गिळत तो चावत होता, डोळे गच्च मिटून. थेक्लाने त्याच्या हातावर चमचा मारला. उर्सुला जीव तोडून लढत होती, खोटं लढली तर पोरीला लगेच कळलं असतं. ती जिंकण्यासाठी जोर लावत होती आणि मनातून फक्त एवढंच मागत होती, की मला हरव, बाई, मला हरव. दोन तुकडे तिनेच जिंकले. एक आर्नोने. कडेचा, दांड्याखालचा, सगळ्यात करपलेला राहिला होता, तिथे थेक्लाने अंगाखाली तवा घेतला आणि कुणाचाच चमचा तिथवर पोहोचेना.

खर्र. आणि मग ती कुरकुर, या वेळी जरा मोठी.

तवा रिकामा झाला. श्मार्नचे उरलेले मऊ, फुगलेले तुकडे वाडग्यात तसेच झाकून होते, आणि त्यांना काही ती शिवणार नव्हती. सोमवारही काही टळला नव्हता. एवढ्याशा खरवडीने कुणाचं काळीज सुधारत नाही, हे उर्सुलाला चांगलं कळत होतं. थेक्लाने चमचा ओट्यावर ठेवला, हनुवटीवरची साखर बाहीने पुसली आणि पुन्हा भट्टीपाशी जाऊन घोंगडीत शिरली. आर्नो डाव हातात धरून तसाच उभा होता.

“उद्या,” घोंगडीतून आवाज आला, “जरा जास्त करपू दे.”

उर्सुलाने नळ सोडला. तवा पाण्याखाली धरला आणि धरूनच ठेवला, कारण वळली असती तर तिचा चेहरा पोरीला दिसला असता.

“बघू,” ती म्हणाली. “बुर्गीकडे अंडी असली तर.”